डाव्या बाजूला काय घालू?

पत्र थोडक्यात असं आहे (नाव-गाव अर्थातच वगळलं आहे): वय ५२. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका. आठ महिन्यांपूर्वी डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. पूर्ण स्तन आणि काखेतल्या गाठी काढल्या, मग केमो झाली. रेडिएशन संपून तीन आठवडे झालेत. शाळेत पुन्हा रुजू झाल्यापासून त्या ब्राच्या डाव्या कपात दोन रुमाल घडी करून ठेवतात. परवा फळ्यावर लिहिताना रुमाल वर सरकत गळ्याच्या हाडापाशी आले. चौथीतली एक मुलगी उठून जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, पदर." त्या दिवशी घरी येऊन त्या खूप रडल्या. पुण्यातली मुलगी म्हणते, सिलिकॉनचा चांगला स्तन ऑनलाइन मागवून देते. जाऊबाई म्हणतात, जीव वाचला हे काय थोडं झालं? या वयात कोण बघतंय, कशाला हजारो रुपये घालवायचे? यजमान या विषयावर काहीच बोलत नाहीत. दोन महिन्यांनी भाचीचं लग्न आहे. त्या विचारतात, "कुणाच्याही लक्षात येणार नाही असा कोणता घेऊ? की जाऊबाईंचं ऐकून गप्प बसू?"

ताई,

मुलीला आजच फोन करून सांगा की एवढ्यात काही मागवू नकोस. रेडिएशन संपून तीनच आठवडे झालेत. तुमची कातडी अजून भाजल्यासारखी असणार. काळवंडलेली, कोरडी, कदाचित काखेकडे सोललेली. तिच्यावर सिलिकॉनचं वजन आणि मागे साठणारा घाम नको. शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, जखम पूर्ण भरली की, वजनाचा कृत्रिम स्तन वापरायला डॉक्टर परवानगी देतात. रेडिएशन झालं असेल तर कातडी निवळेपर्यंत आणखी थांबावं लागतं. तेव्हा पुढच्या तपासणीला डॉक्टरांना हाच प्रश्न स्पष्ट विचारा: "सिलिकॉन कधीपासून घालू?" विचारायला संकोच वाटत असेल तर चिठ्ठीवर लिहून न्या. गाठ, गोळ्या, रिपोर्ट यांच्या गडबडीत डॉक्टर आपणहून हा विषय काढतातच असं नाही.

तोवर रुमालही नकोत. त्यावर खाली सविस्तर लिहिते.

त्याआधी तुमच्या प्रश्नाबद्दल थोडं. तुम्ही दोनच वाटा धरल्या आहेत: कुणाच्या लक्षात येणार नाही असा स्तन घ्यायचा, नाहीतर काहीच नाही. आणि एकदा घेतला की तो उठल्यापासून झोपेपर्यंत, आयुष्यभर घालायचा, असंही तुमच्या पत्रातून जाणवतं. यातलं काहीच ठरलेलं नाही. शाळेत मऊ, हलका, लग्नात सिलिकॉनचा, घरी आल्यावर गाऊनमध्ये काहीच नाही, असं अनेक जणी करतात. उन्हाळ्यात घालायचं नाही आणि थंडीत घालायचं, असंही चालतं. काही जणी तर कधीच काही घालत नाहीत आणि त्यांचं काहीही अडत नाही.

हा वाद फक्त तुमच्या घरातला नाही. अमेरिकेत बार्बी बाहुली घडवणाऱ्या रूथ हँडलर यांचा स्तन १९७० साली काढावा लागला. दुकानात जे मिळालं ते इतकं बेढब होतं की पुढे काही वर्षांत त्यांनी स्वतःच कृत्रिम स्तन बनवणारी कंपनी काढली. डाव्या आणि उजव्या बाजूचे आकार वेगळे केले, आणि स्वतः दुकानांत जाऊन बायकांना ते बसवून दिले. त्याच देशातल्या कवयित्री ऑड्री लॉर्ड यांच्यावर १९७८ साली हीच शस्त्रक्रिया झाली आणि त्यांनी काहीही घालायला नकार दिला. तपासणीला गेल्यावर नर्सनं त्यांना सुनावलं की निदान इथे येताना तरी काही घालून या, नाहीतर दवाखान्यातल्या इतरांच्या मनावर परिणाम होतो. लॉर्ड यांना याचा संताप आला, आणि तो रास्त होता. या दोघींपैकी एक बरोबर आणि दुसरी चूक असं मला वाटत नाही. दोघींनीही स्वतःच्या शरीराचं स्वतः ठरवलं. तुमच्या बाबतीत मात्र आत्ता मुलगी, जाऊबाई आणि शाळा ठरवताहेत.

जाऊबाईंच्या बोलण्यात काळजी आहे, हे मी मानते. पण जीव वाचणं आणि नीट कपडे घालता येणं यांत एकच काहीतरी मिळेल, असा नियम कुणी केला? ५२ व्या वर्षी तुम्ही रोज पस्तीस-चाळीस मुलांसमोर उभ्या राहता, फळ्यावर हात उंचावून लिहिता, खाली वाकून वह्या तपासता. प्रत्येक हालचालीत एक हात पदराकडे जात असेल तर तो ताण खरा आहे. चष्मा लागला तर आपण वयाचा हिशेब करत नाही.

दुसरीकडे, "कुणाच्याही लक्षात येणार नाही" ही अट तेवढी सोडा, असं मी आग्रहानं सांगेन. उत्तम बसलेला स्तनसुद्धा कधीतरी इकडचा तिकडे होतो. तो क्षण कायमचा टाळायचा म्हटलं तर दिवसभर आरशातच बघत राहावं लागेल. आणि लक्षात आल्यावर काय झालं, तेही बघा ना. त्या मुलीनं वर्गात काही बोभाटा केला नाही. जवळ येऊन दोन शब्दांत सांगितलं. तुम्हीच त्या मुलांना शिकवलंय. शाळेतल्या एखाद्या विश्वासाच्या सहशिक्षिकेला "माझं काही सरकलं तर मला खूण कर" असं सांगून ठेवा. अर्धा ताण तिथेच जाईल.

आता रुमालांचं. ते वर का सरकले? कारण त्यांना वजन नाही. हात वर केला की ब्रा वर ओढली जाते. खऱ्या स्तनाचं वजन कपाला खाली धरून ठेवतं, रुमाल तसेच वर चढतात. त्यामुळे दोन गोष्टी हव्यात: ब्राला आतून खिसा, आणि आत जे ठेवाल त्याच्या तळाशी थोडं वजन.

खिसा घरी शिवता येतो. रुंद पट्ट्यांची, पूर्ण कपाची, तारा नसलेली सुती ब्रा घ्या. जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली मलमल किंवा सुती साडीचा तुकडा कपाच्या आतल्या बाजूला कपाच्या आकारात बेता. वरची, खालची आणि मधली कड शिवा, काखेकडची बाजू उघडी ठेवा. तिथूनच आत सरकवायचं आणि काढायचं. शिवण व्रणावर येत नाही ना, हे घालून बघा. ब्राचा खालचा पट्टा छातीभोवती नीट बसला पाहिजे. दोन बोटं आत जातील इतपत. सगळा भार या पट्ट्यानं पेलायचा असतो. खांद्याची पट्टी फक्त साथ देते. खांद्याची पट्टी आवळून आवळून स्तन वर धरायचा प्रयत्न केला तर तिचा वळ उठतो. काखेतल्या गाठी काढलेल्या बाजूला असा आवळ नकोच, कारण त्या बाजूच्या हाताला सूज येऊ शकते. आणखी एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. काखेत आणि दंडाच्या आतल्या बाजूला तुम्हाला बधिरपणा असेल. तिथे पट्टा घासला, कातडी सोलली, तरी कळत नाही. म्हणून रात्री ब्रा काढल्यावर आरशासमोर हात वर करून ती जागा डोळ्यांनी बघायची सवय लावा. त्याच वेळी व्रणही बघून घ्या. नवी गाठ, लाली, पुरळ, काहीही वेगळं दिसलं तर डॉक्टरांना दाखवा.

खिशात काय ठेवायचं? सध्या तुमच्यासाठी विणलेला सुती स्तन सगळ्यांत बरा. २०११ साली अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी याची चळवळ उभी केली. स्वतःवर शस्त्रक्रिया झाल्यावर सिलिकॉन लगेच घालता येईना, म्हणून मैत्रिणीनं विणून दिलेला स्तन त्यांनी वापरला. आपल्याकडे मुंबईची साईशा इंडिया फाउंडेशन असे विणलेले स्तन बायकांना मोफत देते. मऊ सूत, आत पॉलिएस्टरचा कापूस, मागे भोक, त्यातून कापूस कमी-जास्त करता येतो. हातानं धुता येतो, दोरीवर वाळतो. क्रोशा येत असेल, आणि आपल्या पिढीतल्या शिक्षिकांना तो येतोच, तर स्वतः विणा. किंवा बहिणीकडून विणून घ्या. तळाशी धुतलेले दोन-चार गुळगुळीत गोटे छोट्या कापडी पुरचुंडीत बांधून कापसात खोल ठेवा, म्हणजे वर चढणार नाही. गोटे आधी आणि मगच कापूस, नाहीतर टोचतील. काही जणी धान्य भरतात. मोहरी छान बसते, आकारही घेते, पण घामानं आणि पावसाळ्यात धान्य कुबट होतं, किडतं. भरायचंच असेल तर आत वेगळी पिशवी करा आणि धान्य वरचेवर बदला.

सिलिकॉनची वेळ येईल तेव्हाचं आता सांगते.

ऑनलाइन का नको? एक तर कृत्रिम स्तनाचा नंबर आणि ब्राचा नंबर एकच असेलच असं नाही. दुसरं, अंगाला लागणारी वस्तू म्हणून परत घ्यायला दुकानदार नाखूश असतात. आणि हा प्रकार डोळ्यांनी, हातानं निवडायचा आहे. त्रिकोणी, थेंबासारखा, फक्त डाव्या किंवा फक्त उजव्या बाजूचा, काखेकडे पसरलेला, असे आकार असतात. तुमच्या छातीवरून किती भाग काढला आहे, काखेकडे खळगा आहे का, यावर आकार ठरतो. मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांच्या आसपासच्या सर्जिकल दुकानांत हे मिळतात. आधी फोन करून विचारा की बसवून द्यायला बाई आहे का. नसेल तर दुसरं दुकान बघा. पुरुष विक्रेत्यासमोर अवघडून अर्ध्या मिनिटात हो म्हणून आणलेला स्तन कपाटात पडून राहिलेला मी अनेकींकडे पाहिला आहे.

जाताना मुलीला बरोबर न्या आणि एक अंगाबरोबरचा, एकरंगी कुर्ता किंवा ब्लाउज न्या. आधी ब्रा ठरवा, मग स्तन. उजवा स्तन वयानुसार थोडा उतरलेला असणार, डाव्या बाजूचाही त्याच्याशी जुळणारा हवा. पंचविशीतल्या मुलीसारखा टणक, उभार आकार दुकानात सुंदर दिसतो आणि ब्लाउजमध्ये वाकडा दिसतो. घातल्यावर समोरून बघा, बाजूनं बघा, मग मान खाली घालून स्वतःच वरून बघा. दोन्ही हात फळ्यावर लिहिताना करतो तसे वर करा. जमिनीवरची वही उचलल्यासारखं वाका. खुर्चीत बसा. वाकल्यावर स्तन छातीपासून सुटून पुढे लोंबकळला तर कप मोठा आहे किंवा पट्टा सैल आहे. कपाच्या कडेनं सिलिकॉन बाहेर डोकावत असेल तर स्तन मोठा आहे.

वजनाबद्दल तिथे हमखास ऐकाल की दोन्ही बाजूंना सारखं वजन नसेल तर कणा वाकडा होतो. घाबरू नका. वजनामुळे ब्रा जागेवर राहते आणि बऱ्याच जणींना तोल बरा वाटतो, हे खरं आहे. उरलेला स्तन मोठा, जड असेल तर एका बाजूनं खांदा-मान भरून येते, तेव्हा वजनाचा स्तन उपयोगी पडतो. पण मध्यम किंवा लहान अंगलट असेल तर हलका स्तन घालून काही बिघडत नाही. नेहमीच्या सिलिकॉनपेक्षा बरेच हलके प्रकार मिळतात. उन्हाळ्यात आणि हाताला सूज येण्याची भीती असलेल्यांना तेच बरे. अंगाला थेट चिकटणारेही स्तन असतात. पण तुमच्या कातडीवर नुकतंच रेडिएशन झालंय, तेव्हा त्यांचा विचार निदान आत्ता करू नका.

सांभाळायचं फार नाही. रोज कोमट पाण्यानं, साध्या साबणानं धुवायचा, टॉवेलनं टिपायचा, त्याच्याच खोक्यातल्या साच्यात ठेवायचा. एक चांगला स्तन साधारण दोन ते पाच वर्षं टिकतो. वॉरंटी किती आहे ते बिलावर लिहून घ्या. मागे घाम साचून पुरळ आलं तर चार दिवस काढून ठेवा, विणलेला घाला.

सिलिकॉनचा खरा शत्रू म्हणजे सेफ्टी पिन. आणि आपण साडी नेसणाऱ्या बायका! आपला पदर डाव्या खांद्यावर, शस्त्रक्रियाही डावीकडेच. एका अर्थी सोय आहे, कारण पदर ती बाजू झाकतो. पण पिनही तिथेच लागते. भाचीच्या लग्नात पदराच्या निऱ्या घालून पिन लावाल तेव्हा ती खांद्याच्या वर, ब्राच्या पट्टीच्या मागे लावा. छातीवर लावू नका. दुसऱ्या कुणाला पिन लावायला दिली तर आधी सांगा. भरजरी पदराचं सगळं वजन त्या खांद्यावर पडू नये म्हणून एकच पदर मोकळा सोडला तर आणखी बरं. (उजव्या बाजूची शस्त्रक्रिया झालेल्या वाचकांनी गुजराती पद्धतीचा उलटा पदर करून बघावा. उजवी बाजू छान झाकली जाते.)

ब्लाउज नवा शिवून घ्या. शिंप्याला सगळं सांगायची गरज नाही. "ऑपरेशन झालंय, डावा मुंढा आणि डावी बाही अर्धा-पाऊण इंच सैल ठेवा, गळा वर घ्या" एवढं पुरतं. माप द्यायला जाताना लग्नात जे आत घालणार तेच घालून जा. कटोरीपेक्षा साधा, अस्तर लावलेला ब्लाउज दोन बाजूंचा फरक जास्त लपवतो. आणि लग्नाच्या आधी चुडा भरायला कासार बसेल तेव्हा डावा हात पुढे करताना जपा. हात दाबून, चोळून घट्ट बांगड्या चढवणं त्या हाताला नको. काच फुटून ओरखडा उठणं तर अजिबात नको. मोठ्या मापाच्या बांगड्या मागा, किंवा चुडा उजव्या हातात भरा आणि डाव्यात एखादी सैल पाटली घाला. पुढेही कधी बाही दंडात रुतली, अंगठी घट्ट झाली, हात जड वाटला, तर थांबू नका. लगेच डॉक्टरांना आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा. हाताची सूज सुरुवातीला आटोक्यात येते. अंगावर काढली की हट्टी होते.

पैशांचं म्हणाल तर सिलिकॉनला काही हजार रुपये लागतात, ही गोष्ट खरी आहे. मेडिक्लेममध्ये ते बसतं का हे आधी लेखी विचारा, बसेलच असं धरून चालू नका. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जाऊन मेडिकल सोशल वर्करना भेटा. कमी खर्चात किंवा मोफत कुठून मिळेल ते त्यांना ठाऊक असतं. मुंबईत १९६९ पासून काम करणाऱ्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनसारख्या संस्थांकडेही चौकशी करा. आणि कधीकाळी तुम्हाला शस्त्रक्रियेनं स्तन पुन्हा घडवून घ्यावासा वाटला तर तीही वाट बंद झालेली नाही. काही वर्षांनीसुद्धा ती शस्त्रक्रिया करता येते. रेडिएशन झालेल्या कातडीवर ती कशी करायची, हे प्लास्टिक सर्जन सांगतील. घाईनं आत्ता ठरवू नका.

यजमानांबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली आहे. ते गप्प आहेत म्हणजे त्यांना नकोसं वाटतंय, असा अर्थ तुम्ही काढलाय असं मला वाटतं. कदाचित तसंच असेल. पण आपल्याकडच्या पुरुषांना या विषयावर कसं बोलायचं हे कुणी शिकवलेलंच नसतं. ते तोंड उघडत नाहीत, कारण चुकीचं बोललं जाईल अशी भीती असते. तुम्ही थेट विचारा. रात्री, दिवे मालवल्यावर नको. चहा घेताना विचारा: "मी घरात काही न घालता वावरले तर तुम्हाला अवघडल्यासारखं होतं का?" उत्तर काहीही आलं तरी निदान आत्तासारखं अंदाजावर जगावं लागणार नाही. व्रण त्यांनी अजून पाहिला नसेल तर कधी दाखवायचा हेही तुम्हीच ठरवा. दाखवलाच पाहिजे असं नाही.

जाऊबाईंना समजावण्यात शक्ती घालवू नका. "डॉक्टरांनी बघायला सांगितलंय" म्हणा आणि विषय बदला. मुलीशी मात्र मोकळं बोला. तिला काहीतरी करायचंय, म्हणून ती ऑनलाइन बघत बसली आहे. तिला काम द्या: दोन सुती ब्रा आणून त्यांना खिसे शिवून दे, विणलेल्या स्तनासाठी संस्थेशी संपर्क कर, पुण्यातल्या दोन-तीन दुकानांना फोन करून बसवून देणारी बाई कुठे आहे ते विचारून ठेव. डॉक्टरांनी हिरवा कंदील दिला की तुम्ही दोघी मिळून जा. तो लग्नाआधी मिळाला तर ठीक, नाही मिळाला तर लग्नात विणलेला घाला. फक्त नवा ब्लाउज आणि आतलं सगळं घालून आधी दोन-तीन दिवस घरात वावरून बघा, म्हणजे कुठे टोचतंय, कुठे सरकतंय ते मांडवात जाण्याआधीच कळेल.